लाईट गेली तरी चालणारी जुनी विजेची घड्याळं: ओळख, खरेदी आणि निगा

जुनं विजेचं घड्याळ विकणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो: "लाईट गेली तरी याला काही होत नाही." या वाक्याचे तीन अर्थ होतात. पहिला म्हणजे वीज गेल्यावरही काटे पुढे सरकत राहतात. दुसरा म्हणजे वीज गेली की घड्याळ थांबतं आणि आली की आपोआप सुरू होतं, पण मधला वेळ कायमचा बुडतो. तिसरा अर्थ १९७०-८०च्या दशकांतल्या डिजिटल अलार्म घड्याळांचा: आकडे विझतात आणि आत ९ व्होल्टच्या सेलवर वेळेची मोजणी कशीबशी चालू राहते. कशीबशी म्हणायचं कारण असं की, अशी बरीच घड्याळं एरवी विजेच्या फ्रिक्वेन्सीवरून (सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवरून) वेळ मोजतात आणि सेलवर गेली की आतल्या ढोबळ मोजणीवर येतात. रात्रभर लाईट नसेल तर सकाळी चांगलाच फरक पडलेला दिसतो.

संग्रह करायचा तर माझ्या मते पहिल्या अर्थाच्या घड्याळांचाच करावा. ती ओळखायला एकच प्रश्न पुरतो: वीज गेल्यावर लागणारी शक्ती या घड्याळात कुठे साठवली आहे? ती सेलमध्ये असेल, चावीच्या कमानीत (स्प्रिंगमध्ये) असेल किंवा दूर कपाटात ठेवलेल्या बॅटरीत. यातलं काहीच सापडलं नाही, तर घड्याळ कितीही देखणं असो, ते या संग्रहातलं नव्हे.

आधी ज्यांना वगळायचं ती ओळखा

वायर आणि प्लग असलेली बहुसंख्य जुनी घड्याळं सिंक्रोनस मोटरवर चालतात. मोटरचा वेग पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. घड्याळ स्वतः वेळ मोजतच नाही, वीजकेंद्रातला जनित्र जेवढं फिरेल तेवढे काटे फिरतात. हेन्री वॉरन या अमेरिकन अभियंत्याने आपोआप सुरू होणारी अशी मोटर बनवली, पण तिच्या भरवशावर घड्याळं विकायची तर आधी फ्रिक्वेन्सी स्थिर हवी होती. म्हणून १९१६ मध्ये त्याने बॉस्टनच्या वीजकेंद्रात एक मास्टर घड्याळ बसवलं. त्यात एक काटा लोलकावर आणि दुसरा जनित्राच्या विजेवर चालायचा. दोन्ही काटे एकावर एक राहतील अशा बेताने जनित्राचा वेग सांभाळणं हे तिथल्या कर्मचाऱ्याचं काम. त्याच्या टेलेक्रॉन घड्याळांना अचूकपणा मिळाला तो असा.

आता वीज दहा मिनिटं गेली आणि परत आली, तर आपोआप सुरू होणारं घड्याळ दहा मिनिटं मागे राहील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. यावर टेलेक्रॉनने तबकडीवर छोटी खिडकी ठेवली. पुरवठा एकदा तुटला की तिथे लाल ठिपका दिसतो आणि हाताने सारेपर्यंत तसाच राहतो. इतर काही कंपन्यांनी मोटर मुद्दाम आपोआप सुरू न होणारी ठेवली. मागची कळ बोटाने फिरवल्याशिवाय ती चालत नाही. थांबलेलं घड्याळ निदान चुकीची वेळ दाखवून फसवत नाही, हा युक्तिवाद मला आजही पटतो. मात्र दोन्ही प्रकार लाईट गेली की थांबतातच. लाल ठिपक्याला "बॅकअप" म्हणून विकलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

झटपट ओळख अशी: सेकंदकाटा न अडखळता सरळ सरकत असेल, टिकटिक नसेल, मागे चावीची कळ नसेल आणि सेलची जागा नसेल, तर ते बहुधा साधं सिंक्रोनस घड्याळ असतं.

कमानीत शक्ती साठवणारी

दिसायला प्लगचं घड्याळ आणि आत चावीचं घड्याळ, असा हा संकर. यात दोन घराणी आहेत.

पहिल्यात मोटर फक्त चावी देण्याचं काम करते. वेळ राखतं ते नेहमीचं बॅलन्स व्हील (मागेपुढे डोलणारं चाक) आणि एस्केपमेंट (चाकांना ठरावीक टप्प्यांनीच पुढे सोडणारी यंत्रणा). १९२०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सांगामो आणि हॅमिल्टन-सांगामो या नावांनी अशी टेबलावरची घड्याळं आली. रत्नांच्या बेअरिंगचं, खिशातल्या घड्याळाच्या दर्जाचं एस्केपमेंट आणि मागे कमान सतत भरत ठेवणारी छोटी मोटर. पुरवठा तुटला तर साधारण दिवसभर चालेल एवढा साठा त्यात असतो. असं घड्याळ ऐकून ओळखता येतं. कान लावला की मोटरच्या घुमण्याखाली टिकटिक असते, आणि प्लग काढला की घुमणं थांबून फक्त टिकटिक उरते.

दुसऱ्या घराण्यात एरवी सिंक्रोनस मोटर काटे चालवते आणि वीज गेल्यावर तेवढ्यापुरती कमान पुढे येते. शिकागोच्या हॅमंड कंपनीचं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं बायक्रोनस हे याचं ठळक उदाहरण. साठा जेमतेम अर्ध्या तासाचा. तेवढ्यात वीज आली तर घड्याळ काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चालतं. ही कंपनी पुढे हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या वाद्यासाठी नावाजली, आणि त्या ऑर्गनमध्येही सिंक्रोनस मोटरच आहे. वीजदरानुसार मीटर बदलणाऱ्या जुन्या टाइम स्विचमध्येही राखीव कमान असते. काट्यांच्या घड्याळाइतके ते सुंदर नसतात, पण यंत्ररचना समजून घ्यायला इतका चांगला नमुना दुसरा नाही, आणि त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही.

सेलवर चालणारी: संग्रहाचा गाभा

इथे विषय खरा रंगतो. अलेक्झांडर बेनने विजेच्या घड्याळाचं पेटंट १८४१ मध्ये घेतलं, म्हणजे घरोघरी वीज येण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे सुरुवातीच्या सगळ्या विजेच्या घड्याळांना सेलचाच आधार होता, आणि "लाईट जाणं" हा प्रश्नच त्यांना ठाऊक नव्हता. थोड्याच वर्षांत मॅथेयस हिप याने लोलकाला गरज असेल तेव्हाच विजेचा धक्का देणारी खटकी शोधली: झोका ठरावीक मर्यादेखाली आला की कॉन्टॅक्ट (विजेची वाट जोडणारी-तोडणारी जागा) जुळतो, धक्का मिळतो आणि मग बराच वेळ काही नाही. सेल ताजा असताना धक्के लांब अंतराने येतात, उतरू लागला की जवळजवळ. दोन धक्क्यांमधले झोके मोजले की सेलची तब्येत कळते.

संग्राहकाच्या हाती प्रत्यक्ष लागण्यासारखी घड्याळं साधारण अशी:

अमेरिकेतल्या सेल्फ वाइंडिंग क्लॉक कंपनीची, १८८६ पासूनची भिंतीवरची घड्याळं. दीड व्होल्टचे दोन मोठे कोरडे सेल आत उभे असतात आणि तासातून एकदा घरघर करत घड्याळ स्वतःला चावी देतं. वेस्टर्न युनियन या तार कंपनीच्या तारेवरून येणारा संकेत मिनिटकाटा बारावर ओढून आणायचा, ती यंत्रणा पुष्कळ नगांत अजून शाबूत असते.

युरेका हे लंडनमध्ये १९०९ ते १९१४ या काळात बनलेलं घड्याळ. त्याचं प्रचंड बॅलन्स व्हील समोरच डोलत असतं. शोभा विचाराल तर याला तोड नाही. नवशिक्याने मात्र लांबूनच पाहावं, कारण सुटे भाग मिळत नाहीत आणि वेळ राखण्याची त्याची ख्याती बेताचीच.

बुल हे फ्रेंच घड्याळ. पेटंट १९२२ चं, मोरिस फाव्र-बुल आणि मार्सेल मुलँ यांच्या नावावर. यात लोलकाच्या टोकाला कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) असते आणि ती वाकवलेल्या स्थिर चुंबकावरून झुलते. लेऑन आतो याच्या आतो घड्याळांत उलट मांडणी: चुंबक झुलतो, कॉइल स्थिर.

१९५०-६०च्या दशकांत कॉन्टॅक्टची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातली कुंडो आणि जुंगहन्स ही याच पिढीतली. कॉन्टॅक्ट नाही म्हणजे ठिणगी नाही, काजळी नाही. पहिलं घड्याळ घ्यायचं असेल तर मी कुंडोच सुचवेन: एक सेल, काचेआड दिसणारा लोलक आणि बिघाड झालाच तर तो मोजक्या जागीच सापडतो.

यानंतर १९६० चं बुलोवा ॲक्युट्रॉन, सेकंदाला ३६० वेळा कंप पावणाऱ्या ट्यूनिंग फोर्कचं (धातूच्या दुहेरी चिमट्याचं). ते मनगटावर जास्त गाजलं, पण टेबलावरच्या घड्याळांतही बसवलं गेलं. १९६७ च्या जुंगहन्स ॲस्ट्रो-क्रोनसारख्या क्वार्ट्झ टेबल घड्याळांपासून पुढे दुसरंच युग सुरू होतं. तिथे थांबायचं की पुढे जायचं हे ज्याने त्याने ठरवावं.

मास्टर आणि त्याचे पाइक

शाळा, कारखाने, रेल्वे स्थानकं यांच्यासाठी एक मास्टर घड्याळ आणि त्याच्या विद्युत्स्पंदांवर चालणाऱ्या अनेक तबकड्या अशी व्यवस्था असायची. ब्रिटनमध्ये फ्रँक होप-जोन्सच्या सिंक्रोनोम पद्धतीत (१८९५ पासून) दर ३० सेकंदांनी एक स्पंद जातो आणि सगळ्या तबकड्या अर्धा मिनिट पुढे सरकतात. वीज गेली तरी व्यवस्था चालते ती बॅटरीच्या जिवावर.

सुटी तबकडी मिळणं सोपं, मास्टर मिळणं अवघड. तबकडी घेतलीत तर आधी तिचा स्वभाव ओळखा. काहींना दर ३० सेकंदांनी एकाच दिशेचा स्पंद लागतो. युरोपातल्या बऱ्याच तबकड्यांना दर मिनिटाला, प्रत्येक वेळी धन-ऋण उलटणारा स्पंद लागतो. त्यांना एकाच दिशेचे स्पंद दिले तर त्या एकदा सरकून गप्प बसतात, आणि माणूस यंत्र बिघडलं समजून ते खोलायला घेतो. मास्टर नसेल तर क्वार्ट्झवर चालणारं छोटं स्पंद देणारं सर्किट पुरतं. त्यालाही बॅटरी जोडा, नाहीतर लाईट गेली की सगळा खटाटोप वाया.

खरेदीच्या वेळी काय पाहायचं

प्लगचं घड्याळ विक्रेत्याकडे चालू असेल तर त्याच्यासमोरच प्लग काढायला सांगा आणि सेकंदकाट्यावर नजर ठेवा. साध्या सिंक्रोनस घड्याळाचा काटा लगेच किंवा मोटरच्या गतीने थोडा घरंगळून थांबतो. राखीव कमानीचं घड्याळ चालत राहतं. दोन मिनिटं थांबा. पंधरा सेकंदांत "बघा, चालतंय" म्हणून प्लग परत लावण्याची घाई कुणाला झालीच, तर ती घाईसुद्धा काहीतरी सांगते.

कमान पुरेशी भरलेली असेल तरच ही परीक्षा खरी ठरते. महिनोन्महिने बंद असलेल्या नगाला काही तास वीज देऊन मगच प्लग काढावा.

त्यानंतर तळाची पट्टी वाचा. व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलता येतं, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झचं सिंक्रोनस घड्याळ ५० हर्ट्झवर लावलं तर तासाला १० मिनिटं मागे पडतं. उलट ५० चं ६० वर लावलं तर तासाला १२ मिनिटं पुढे पळतं. म्हणजे बायक्रोनससारखं घड्याळ दुसऱ्या फ्रिक्वेन्सीच्या प्रदेशात नेलं तर त्याची गंमत अशी की ते लाईट गेल्यावरच त्यातल्या त्यात बरोबर चालेल. सांगामोसारख्या घड्याळात वेळ एस्केपमेंट राखतं, तेव्हा फ्रिक्वेन्सी बदलली तरी काटे बिघडत नाहीत. मोटर मात्र जास्त तापत नाही ना, हे पहिल्या दिवशी हात लावून पाहत राहा.

सेलच्या घड्याळात सर्वात आधी सेलची जागा बघा. गळलेल्या सेलने खाल्लेली पितळी पट्टी बदलता येते. गळती यंत्रापर्यंत ओघळली असेल तर विचार करा. मग मल्टीमीटरने कॉइलचा रोध मोजा. बुलच्या कॉइलचा तो हजार ओमच्या आसपास किंवा थोडा वर येतो. काहीच वाचन आलं नाही तर केसासारखी तार कुठेतरी तुटली आहे. तुटलेलं टोक बाहेरच्या वेढ्यात असेल तर नशीब, आत असेल तर पूर्ण कॉइल नव्याने गुंडाळावी लागते.

बुल घेताना खिशात छोटं होकायंत्र असू द्या. त्याच्या चुंबकाची दोन्ही टोकं एकाच ध्रुवाची असतात आणि विरुद्ध ध्रुव मध्यभागी. होकायंत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावकाश न्या: सुई मध्यावर ठसक्यात उलटली पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा पहिल्यासारखी झाली पाहिजे. सुई रेंगाळली, नुसतीच थरथरली, तर चुंबक मंदावलाय. तो पुन्हा भारता येतो, पण या त्रिध्रुवी रचनेसाठी वेगळी जुळणी करावी लागते. साध्या पट्टीचुंबकासारखा भारला तर तो कामातून जातो.

हिरवट झाक असलेल्या, कधीकाळी अंधारात चमकणाऱ्या काट्यांपासून सावध राहा. १९६०च्या दशकापर्यंत त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक मेली असली तरी रेडियम मेलेलं नसतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. काच बंद ठेवा. रंग खरवडणं, घासणं, फुंकर मारणं पूर्ण वर्ज्य.

पहिल्यांदा चालू करताना

प्लगच्या घड्याळाला घरी आणल्याबरोबर वीज देऊ नका. जुन्या वायरीचं रबर किंवा कापडी वेष्टन वाकवल्यावर भुगा होऊन पडत असेल तर वायर बदला. "मूळची आहे" म्हणून ती जपणारे शुद्धतावादी असतात. त्यांनी ती पिशवीत घालून घड्याळाच्या मागे ठेवावी. प्लगच्या प्रत्येक पिनेपासून धातूच्या अंगापर्यंत मल्टीमीटर लावून पाहा, वाचन येता कामा नये. पहिली वीज साध्या तारेच्या बल्बमधून मालिकेत द्या. घड्याळाला दोन-तीन वॉटच लागतात, त्यामुळे सगळं ठीक असेल तर बल्ब जवळपास विझलेलाच राहतो. भक्कन पेटला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढा.

सेलच्या घड्याळात धोका माणसाला नसतो, यंत्राला असतो. ट्रान्झिस्टरच्या घड्याळात सेल उलटा घालून "बघू तरी" म्हणायचं नाही. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर तेवढ्यात जाऊ शकतात. कुंडो चालेना तर क्रमाने पाहा: सेलच्या पट्ट्यांवरचा गंज, लोलक टांगायची पातळ पोलादी पट्टी मोडली किंवा पिळली आहे का, आणि मग सुकलेला कपॅसिटर. दोष बहुतेकदा या तिघांतच सापडतो.

कॉन्टॅक्टच्या बुलला उलटा सेल मारत नाही, त्यामुळे तिथे दिशा अशी शोधता येते: घड्याळ सपाटीत आणा, सेल लावा, लोलक हाताने बाजूला घेऊन सोडा. झोके हळूहळू वाढले तर दिशा बरोबर. सेल नसताना जितक्या वेळात झोके मंदावतात त्याहून लवकर मावळले, तर वीज लोलकाला ढकलायच्या ऐवजी अडवते आहे. सेल फिरवा. दिशा बरोबर असूनही जोर येत नसेल तर कॉन्टॅक्ट पाहा. लोलकावरची चांदीची छोटी पिन दोन दातांच्या एका काट्याला (फोर्कला) इकडून तिकडे सारते. त्या काट्याची एक बाजू वीज वाहणारी, दुसरी वीजरोधक, म्हणून धक्का फक्त एका दिशेच्या झोक्यात मिळतो. ती वाहणारी बाजू काळी पडलेली असते. स्पिरिटमध्ये ओलावलेली साध्या कागदाची पट्टी पिनेवरून आणि काट्यातून ओढा, काळं उतरेपर्यंत पट्टी बदलत राहा. पॉलिशपेपर नको, तो चांदीच खातो. आणि इथे तेल तर मुळीच नको. तेल फक्त चाकांच्या टोकांच्या बेअरिंगना, घड्याळाचंच, सुईच्या टोकावर मावेल एवढं.

मोठ्या कॉइलच्या घड्याळांत, विशेषतः सेल्फ वाइंडिंगमध्ये, कॉन्टॅक्ट सुटताना ठिणगी पडते आणि दरवेळी थोडा धातू जाळते. कॉइलला समांतर तिच्या रोधाच्या दहा-वीस पट रोधक जोडला की ठिणगी बरीच मवाळ होते. हा बदल सोल्डर न करता स्क्रूखाली बसवला तर कधीही काढता येतो.

सेलचा हिशोब

आजचा अल्कलाइन सेल ताजा असताना दीड व्होल्टच्या थोडा वर असतो. बुलला एवढ्याने लोलक फार रुंद झुलतो असं दिसलं तर १.२ व्होल्टचा चार्जिंगचा सेल लावून पाहा, बऱ्याचदा वेळही सुधारते. ॲक्युट्रॉन पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनलं होतं. ते सेल आता बाजारातून गेले आहेत. सिल्व्हर ऑक्साइडचा १.५५ व्होल्टचा सेल लावल्यावर घड्याळ भलतंच पुढे पळू लागलं तर दोष घड्याळाला देऊ नका, ते जुळवून घ्यावं लागतं, आणि हे काम जाणत्या घड्याळजीचं. जुन्या मोठ्या कोरड्या सेलांऐवजी त्याच आकाराच्या नळकांड्यात आजचे डी सेल समांतर बसवले की घड्याळाचं पोट रिकामं दिसत नाही.

सेल पूर्ण उतरण्याची वाट पाहू नये. सेल्फ वाइंडिंग घड्याळाची मोटर अशक्त सेलवर मध्येच अडकली तर कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो आणि उरलंसुरलंही संपतं. गळती झालीच तर उपचार सेलच्या जातीवर ठरतो: अल्कलाइनची पांढरी पूड व्हिनेगरने पुसायची, जुन्या झिंक-कार्बन सेलची आम्लधर्मी घाण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने. दोन्हीनंतर स्वच्छ ओलं फडकं आणि मग कोरडं. जी घड्याळं चालवत नाही त्यांतले सेल काढून ठेवायचे, याला अपवाद नाही.

नोंद, वाहतूक, सुटे भाग

प्रत्येक घड्याळाच्या आत कागदाची चिठ्ठी ठेवा: व्होल्टेज, सेलची दिशा, कॉइलचा रोध, शेवटचं तेल कधी. राखीव कमानीच्या घड्याळांसाठी आणखी एक आकडा लिहा, प्लग काढल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ. वर्षातून एकदा तो मोजला की कमान थकते आहे की तेल घट्ट झालं आहे याचा सुगावा घड्याळ बंद पडण्याआधी लागतो.

घड्याळ हलवायचं असेल तर लोलक उतरवून वेगळा गुंडाळा आणि सेल काढा. काचेचा घुमट निराळ्या खोक्यात द्या. लोलकाची पातळ पट्टी प्रवासातच मोडते, म्हणून त्या मापाच्या दोन-चार जवळ असू द्या.

एकाच बनावटीची घड्याळं जमवण्याचा व्यावहारिक फायदा इथे दिसतो. त्याच मॉडेलचं मोडकं, केस फुटलेलं यंत्र कुणी टाकायला काढलं तर जरूर घ्या, आधी कॉइल मोजून. चाकं कुणीही कारागीर कापून देईल. चांगली कॉइल आणि जोमदार चुंबक हाताशी असला तर पुढची दुरुस्ती संध्याकाळभराची होते.